पाण्याची राखण

प्रिय विन्या,

आज शनिवार. जेवून उठलो आणि थेट वही घेऊन पडवीत बसलो. कुंदा आतून विचारतेय, "काय लिहिताय एवढं? सोसायटीचा अर्ज आहे का?" मी म्हटलं, हो. तुला पत्र लिहितोय असं सांगितलं असतं तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. जन्मात कधी तुला पत्र लिहिलं नाही. गरजच काय होती? पेणहून कोलाडची एसटी धरली की तू माझ्या दारात, नाहीतर मी तुझ्या. आता तू जिथे गेलास तिथे एसटी जात नाही.

उद्या तुझी बैठक आहे. म्हणजे तुझ्यासाठी आहे. शैलावहिनींनी ठरवलंय. इस्माईलभाईंच्या वाडीत, आंब्यांखाली, सकाळी साडेसातला. पनवेलहून मालतीबाई येणार आहेत. गुडघे गेलेत त्यांचे, खुर्चीवर बसून गाणार. आणि गाण्याआधी तुझ्याबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत मी. मी! शाळेत 'माझा आवडता प्राणी' यावर बोलायला उभं केलं तर "गाय" एवढंच म्हणून खाली बसलेला मी. तू तेव्हा मागच्या बाकावरून "पुढे?" असं ओरडला होतास. विसरलो नाहीये.

परवा वहिनींचा फोन आला. सतरंज्या किती, चहाला कोण, सगळं बोलून झालं. मग म्हणाल्या, "भावोजी, तेवढं ते नदीचं काढू नका हं. झाली त्यांच्या हातून चूक. माणूस गेला, आता कशाला ते."

मी "बरं" म्हणालो.

त्या एका "बरं"पायी दोन दिवस मला घास गोड लागलेला नाही. कारण ती चूक तुझी नव्हतीच, विन्या. माझी होती. हे तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं. पण तुला जे माहीत होतं तेही पुरतं खरं नव्हतं. ते सांगायलाच बसलोय. तू होतास तोवर जीभ उचलली नाही, आता लिहितोय. हस.

तो कातळ तुला दाखवला मीच, म्हणजे सुरुवातही माझ्याच माथी. कोलाडच्या वरच्या अंगाला, आमच्या गावाखाली, नदीच्या पात्रात घुसलेला तो सपाट काळा कातळ. आम्ही त्यावर गोधड्या धुवायचो. तू एकदा थंडीत आमच्याकडे आलास, सकाळी तोंड धुवायला नदीवर उतरलास आणि त्या कातळावर उभा राहून नुसता खाकरलास. समोरच्या दरडीने ते खाकरणं परत पाठवलं. तू माझ्याकडे असं बघितलंस जसं काही मी दरड तुझ्यासाठी बांधून ठेवली होती.

"सुध्या, इथं माईक लागायचा नाय," म्हणालास. त्याच दिवशी परतीच्या एसटीत बसेपर्यंत तुझी पुढची यादी तयार होती: कोणाला बोलवायचं, कुठे बसवायचं, पोहे किती.

मला खरं तर तेव्हा तुला विचारायचं होतं की तू स्वतः का नाही गात? पण विचारलं नाही. ते आपल्यात कधीच बोललं गेलं नाही. बारा वर्षं तू गुरुजींकडे शिकलास. पेणच्या त्या गल्लीतून जाताना मी तुझे पलटे ऐकलेत, पण ते रस्त्यावरून, सायकल हातात धरून. मग तू मुंबईला कुठल्याशा परीक्षेला गेलास, तिथे समोरच्या माणसाने दोन मिनिटांत "पुढचे" म्हटलं, आणि तू घरी येऊन बापाच्या गणपतीच्या कारखान्यात शाडू मळायला बसलास. एका "पुढचे"वर बारा वर्षं सोडलीस! राग येतो मला अजून. त्या परीक्षकाचा नाही, तुझा.

गुरुजी गेले तेव्हा त्यांचा तानपुरा तुझ्याकडे आला. तो तू रोज पुसायचास, जुळवायचास, दुसऱ्यांच्या मागे लावायचास. कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी तूच करायचास, श्वास रोखून. ब्रश उचललास की मगच श्वास सोडायचास. मी एकदा म्हटलं होतं, "एवढा दम आहे तर गा की." तू ब्रश माझ्या शर्टाला पुसलास. डाग अजून आहे.

आता माझी नोकरी. कंपनीतली नाही, तुझ्या बैठकीतली.

ती नदी तशी फसवी नाही, वेळेची पक्की आहे. रात्रभर वरच्या वीजघराचं पाणी बंद असतं, म्हणून पहाटे पात्र उघडं पडतं आणि कातळ कोरडा असतो. सकाळी नऊच्या आसपास वरून पाणी सुटतं आणि बघता बघता कातळ बुडतो. जे पाणी आलं की कोलाडला हेल्मेट घातलेल्या राफ्टिंगवाल्या पोरांचा दिवस सुरू होतो, तेच आलं की आपली बैठक संपायची. आसपास म्हणजे कधी पावणेनऊ, कधी साडेनऊ. म्हणून कोणीतरी वरच्या वळणावर बसून राखण करायला हवी. वळणावरचे तीन गोल धोंडे बुडायला लागले की शिट्टी मारायची आणि लाल पंचा हलवायचा. तिथून कातळापर्यंत पाणी पोचायला पाचसात मिनिटं. तेवढ्यात माणसं, वाद्यं, सतरंजी वर काठावर.

नदी कोणाला कळते? सुध्याला. मग सुध्या बसेल. झालं!

अकरा हिवाळे बसलो, विन्या. दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत, महिन्यातून एक रविवार. नाईट शिफ्ट करून धाटावच्या कंपनीतून सरळ नदीवर यायचो, गळ्यात तिथलीच स्टीलची शिट्टी. उंबराखाली दगडावर बसायचो. आणि तुला ठाऊक आहे का, तिथे काहीएक ऐकू येत नाही? मध्ये ती उतरण आहे, तिथे उरलेलं पाणीही खळखळत धावतं. मला खाली कातळावरची माणसं दिसायची, गाणाऱ्याचा हात वर जाताना दिसायचा, माना डोलताना दिसायच्या. आवाज फक्त पाण्याचा. अकरा वर्षं मी मुक्या बैठका बघितल्या. चहाच्या वेळी लोक म्हणायचे, "काय तोडी झाली आज!" मी म्हणायचो, "हो ना." आणि पोह्यांवर खोबरं घालून घ्यायचो.

तक्रार नाही करत. थोडी करतोय. तू एकदाही म्हणाला नाहीस की सुध्या, आज तू बस, मी जातो उंबराखाली. मालतीबाईंनी सुद्धा एकदा विचारलं होतं, "हे तुमचे मित्र गाणं ऐकत नाहीत का?" तर तू काय सांगितलंस? "त्याला आवड नाय." अरे, कोणी सांगितलं तुला?

पण खरं सांगू का? मला दुसऱ्यांच्या गाण्याचं तितकंसं नव्हतंच. रागबिग मला कळत नाहीत. मला एकच गोष्ट ऐकायची होती आणि ती तू कोणालाच ऐकवत नव्हतास.

आता त्या सकाळचं.

चार वर्षं झाली. माघ होता, थंडी अशी की शिट्टी ओठाला झोंबत होती. मालतीबाई गायल्या. त्यांचं संपलं तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. दरवेळी त्या संपवताना तुझ्याकडे बघून म्हणायच्या, "आता विनायकराव," आणि दरवेळी तू हात जोडायचास आणि सगळे हसायचे. हे मी लांबूनही ओळखायला शिकलो होतो. त्या दिवशी त्यांचं बोलणं झालं, पण तुझे हात जोडलेले दिसले नाहीत. त्यांनी मागे सरकून तानपुरा स्वतःच्या मांडीवर घेतला. तू पुढे सरकून मधोमध बसलास. टोपी काढून बाजूला ठेवलीस.

मी उभा राहिलो. तू तोंड उघडलेलं मला दिसलं आणि ऐकू काही आलं नाही.

अरे, मी काय करायचं होतं तिथे? मी धोंड्यांकडे बघितलं. तिन्ही कोरडे. घड्याळात पावणेनऊ. म्हटलं, उतरणीपर्यंत जाऊन दोन मिनिटं ऐकतो आणि परत येतो. उतरणीपर्यंत गेलो तर पाण्यातून तुझा आवाज तुटक तुटक यायला लागला. म्हणून आणखी खाली उतरलो. कातळाच्या अलीकडे तो करंज आहे ना, त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. तुझी पाठ माझ्याकडे होती. पंधरा पावलं असतील मध्ये.

काय गायलास रे!

मला नाव सांगता येणार नाही. सुरुवातीला आवाज जरा घोगरा होता, वापरात नसलेला. मग दरड तुला साथ द्यायला लागली. तू एक सूर धरलास आणि सोडलाच नाहीस, मला वाटलं आता याचा दम संपेल, आता संपेल, आणि तू हळूच दुसऱ्यावर उतरलास. मग मला कळलं, गणपतीचे डोळे काढताना तू इतकी वर्षं काय रोखून धरत होतास ते. मी त्या करंजाला टेकलो आणि रडलो. कंपनीत वीसेक माणसांचा फोरमन होतो मी, आणि हुंदका बाहेर येऊ नये म्हणून तोंडात पंचा धरून उभा होतो. तोच लाल पंचा.

दर ओळीला म्हणत होतो, ही संपली की जातो. ही संपली की जातो.

पायाखालच्या वाळूत पाणी आलं तेव्हा भानावर आलो. शिट्टी मारली, जीव खाऊन मारली, पण काय उपयोग? कातळाच्या दोन्ही बाजूंनी पाणी चढलं होतं. लोक उठले, एकमेकांना धरून काठाकडे निघाले. गुडघाभर पाणी होतं, आणखी दहा मिनिटांनी काय झालं असतं याचा विचार मी आजही पुरता करत नाही. मालतीबाई घसरल्या. इस्माईलभाईंनी त्यांना दंडाला धरून ओढलं, पण मनगट मोडलं ते मोडलंच. माणसं सांभाळताना तानपुरा कातळावर राहिला. मी कमरेपर्यंत पाण्यात शिरलो, हात लागेल इतका जवळ होता, आणि तो उचलला गेला. भोपळाच तो, बुडणार कसा? तारा वर करून सावकाश कोलाडच्या दिशेने गेला. तू काठावरून बघत होतास. तुझे गुरुजी जात होते.

मग ते तू केलंस.

कोणीतरी विचारलं, शिट्टी वेळेवर कशी झाली नाही? सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "शिट्टी आधीच झाली होती. मी ऐकली. गाण्याच्या नादात थांबलो नाही. चूक माझी आहे."

विन्या, का रे? का बोललास तसं?

मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. ओलाचिंब उभा होतो, दात वाजत होते, आणि मी गप्प बसलो. पहिल्या मिनिटाला गप्प बसलं की दुसऱ्या मिनिटाला बोलणं जास्त जड जातं. माझी तर चार वर्षं गेली.

संध्याकाळी तुझ्याकडे पेणला आलो. सांगायलाच आलो होतो, देवाशपथ. तू कारखान्यात स्टुलावर बसला होतास. मी काही बोलायच्या आधी तूच म्हणालास, "झोप लागली ना रे? लागते माणसाला. रात्रभर मशीनवर उभा राहून येतोस आणि मी तुला दगडावर बसवतो. चूक माझीच हाय. उगाच मनाला लावून घेऊ नकोस." आणि मला चहा सांगितलास.

मी मान हलवली. हो म्हणालो. झोप लागली.

किती सोपं होतं ते! झोप लागलेल्या माणसाला कोण काय बोलणार? ड्यूटीवर जागा असून जो चोरून गाणं ऐकत उभा राहिला त्याचं तोंड मात्र कोणाला दाखवायचं? मला भीती दुसरीही होती. तुला कळलं असतं की तुझ्या गाण्यापायी मी जागा सोडली, तर तू ते सगळं त्या गाण्याच्याच माथी मारलं असतंस. पुन्हा तोंड उघडलं नसतंस. म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला समजावलं. पण तू तसंही पुन्हा तोंड उघडलं नाहीसच! मग माझ्या त्या समजुतीचा काय उपयोग झाला, सांग.

त्यानंतर जे झालं ते तूही बघितलंस. लोक तोंडावर काही बोलले नाहीत, पण बोलले. विनूला गायचा मोह आवरला नाही, शिट्टी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, माणसं पाण्यात घातली. पुण्याचे ते गायक तारीख देऊन मागे फिरले. तू कातळ सोडलास, बैठक इस्माईलभाईंच्या वाडीत आणलीस, सतरंज्या अंथरल्यास. चाळीस माणसं यायची तिथे पंधरा येऊ लागली. तू दरवेळी पहिल्यांदा सगळ्यांना सांगायचास, "इथं पाण्याची भीती नाय हं," आणि हसायचास. लोकही हसायचे. मीही हसायचो. थू माझ्या हसण्यावर.

आणि गंमत बघ, वाडीत राखणीची गरजच नव्हती, म्हणून मी आता सतरंजीवर बसून गाणं ऐकायला मोकळा होतो. चार हिवाळे पहिल्या रांगेत बसलो. एकही सूर आत गेला नाही.

गेल्या ज्येष्ठात तुझ्याकडे आलो होतो ती आपली शेवटची भेट ठरली. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे पांढरे गणपती, बिनडोळ्यांचे. तू एकाच्या डाव्या डोळ्याची रेघ ओढत होतास. ती पुरी केलीस, श्वास सोडलास, आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "सुध्या, थंडी पडली की एकदा परत कातळावर बसू या. लोकबिक नाय. आपण दोघं. नाहीतर इस्माईलभाई तिसरे."

मी म्हटलं, "बसू की."

"तू जागा राहशील ना?" असं म्हणून तू मोठ्याने हसलास.

तू थट्टा करत होतास, मला कळत होतं. मनात काही नव्हतं तुझ्या. मी "राहीन" म्हणालो. त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. तोंडात आलंही होतं. तेवढ्यात वडखळचं ते गिऱ्हाईक आलं, त्याला लालबाग पद्धतीचा मुकुट हवा होता, आणि तू त्याच्याशी वाद घालायला उठलास. मी बसच्या वेळेचं निमित्त करून निघालो. आषाढात तू गेलास. स्टुलावरच, हातात ब्रश. त्या वर्षीचे राहिलेले डोळे तुझ्या कारागिराने काढले. चांगले काढले, पण तुझे नाहीत.

तू गेलास ते मला झोपाळू समजून. आणि तुझं गाणं कोणी एवढं ऐकलं, की हातातलं काम टाकून, लाज टाकून ऐकलं, हे तुला न कळता गेलास. यातलं मला जास्त कशाचं वाईट वाटतं ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. नाही, ठरलंय. दुसऱ्याचं.

आज सकाळी वाडी झाडायला गेलो होतो. इस्माईलभाई बाजेवर बसले होते. वय झालंय त्यांचं, पण नजर अजून शाबूत. मला म्हणाले, "काय रे सुधाकर, उद्या काय बोलनार?"

"दोन शब्द," मी म्हटलं.

"खरं का खोटं?"

मी झाडू खाली ठेवला. ते म्हणाले, "त्या दिवशी पंप बंद करून मी खाली येत व्हतो. करंजाच्या मागं तू उभा. डोले मिटून. मला वाटला, राखण करनारा इथं उभा हाय म्हंजे आज पाणी बंद असंल. म्हणून मीबी निवांत जाऊन बसलो."

मी बाजेच्या कडेवर बसलो. म्हटलं, "चार वर्षं तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"विनूला सांगितलंत?"

"नाय. तो स्वताच्या तोंडानं बोलला, शिट्टी झाली व्हती. त्याला चार मान्सांत खोटा पाडू मी? आनि तुझं तू सांगायचं. माझा काय संबंध?" मग म्हणाले, "पन गायला मात्र बेस. दुबईत एवढी वर्सं काढली, मोठमोठे गानारे ऐकले. असा नाय ऐकला."

म्हणजे मी एकटा नव्हतो, विन्या. बघ.

इस्माईलभाई एवढंच म्हणाले आणि पाईप सरळ करायला उठून गेले. जबरदस्ती नाही, उपदेश नाही. त्यांनी धमकी दिली असती तर बरं झालं असतं, मला निदान त्यांच्यावर चिडता आलं असतं.

भीती वाटतेय. खोटं कशाला बोलू? वहिनी काय म्हणतील? चार वर्षं त्यांनी नवऱ्याला बोल लागताना बघितलंय, आणि त्याच चार वर्षांत माझ्या ताटात आग्रहाने पोळी वाढलीय. त्यांनी उद्या मला सगळ्यांदेखत ऊठ म्हटलं तर मी उठेन. मालतीबाईंचं मनगट थंडीत अजून दुखतं. दरवेळी त्या मला विचारतात, "सुधाकरराव, बरे आहात ना?" त्यांच्या डोळ्यांत बघून कसं सांगायचं ते मला ठाऊक नाही. लोक म्हणतील, मेलेल्या माणसाच्या बैठकीत हा स्वतःचं काय सांगत बसला. म्हणू देत.

मालतीबाईंना आणखी एक विचारायचंय. तू गायलास तो राग कोणता? चार वर्षं ती एक ओळ माझ्या डोक्यात आहे, आंघोळ करताना येते, बसमध्ये येते, आणि नाव माहीत नाही. कोणाला विचारलं नाही, कारण गुणगुणून दाखवलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, तुम्ही कुठे ऐकलंत? झोपलेल्या माणसाला ती ओळ पाठ कशी? उद्या गुणगुणून दाखवेन. बेसूर होईन, तू वरून कान झाकून घे.

कुंदा चहा घेऊन आली होती मघाशी. वही बघितली, पहिली ओळ वाचली असणार. खांद्यावर हात ठेवून आत गेली. तिलाही आज रात्री जेवताना सांगणार आहे, म्हणजे उद्या सगळ्यांसमोर ऐकून तिला धक्का बसायला नको.

तेव्हा आता तुला शब्द देतो. उद्या मालतीबाईंची पेटी उघडायच्या आधी मी उभा राहीन. "विनायक माझा बालमित्र होता" वगैरे काही बोलणार नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणेन: त्या दिवशी शिट्टी वेळेवर झाली नव्हती. विनू खोटं बोलला, माझ्यासाठी. मी राखणीची जागा सोडून आलो होतो. मला झोप लागली नव्हती. तो गात होता, म्हणून आलो होतो. तानपुरा माझ्यामुळे गेला, बाईंचा हात माझ्यामुळे मोडला, आणि विनूच्या नावाला जे लागलं तेही माझ्यामुळे. एवढं बोलून मग वहिनींकडे बघेन. गाय म्हणून खाली बसणार नाही, विन्या. पुढचंही सगळं बोलेन.

पण ते उद्या, आणि ते त्यांच्यासाठी. तुझ्या-माझ्यातलं एक राहिलंय, ते आजच, सगळ्यांच्या आधी तुला सांगतो. त्या दिवशी काठावर सांगायला हवं होतं, संध्याकाळी कारखान्यात सांगायला हवं होतं, ज्येष्ठात सांगायला हवं होतं.

फार सुरेख गायलास रे.

तुझा,
सुध्या